जीपनीचं मूळ गाव

गनीमामू बोल्ट चाटतात.

हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढे कुणी दचकायला नको. हातात आलेल्या बोल्टाला मामू पहिल्यांदा नखाने टिचकी मारून कानाशी धरतात, मग नाकाशी, आणि तरी शंका उरलीच तर जिभेच्या टोकाला लावतात. मग डोळे मिटून, बिर्याणीचं मीठ बघणाऱ्या आचाऱ्यासारखा चेहरा करून निकाल देतात, "जपान. पण दर्याकाठचा नाय. डोंगरातला." एकदा एक वॉशर चाटून त्यांनी तो बनवणारा कामगार त्या दिवशी बायकोशी भांडून आला होता इथपर्यंत सांगितलं. खरंखोटं करायला आम्ही जपानला गेलो नाही, पण तो वॉशर आठवडाभरात तुटला हे मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं.

सौदीतल्या कतीफमध्ये अबू हसनच्या गॅरेजात मामू चाळीस वर्षं स्टोअरकीपर. गॅरेज मुळात अबू हसनच्या वडिलांचं. तेव्हा अबू हसन मामूंच्या मांडीवर बसून नट मोजायचा. आता तो मामूंचा कफील, म्हणजे ज्याच्या नावावर व्हिसा तो मालक आहे, पोट त्याच्या आधी दोन मिनिटं खोलीत शिरतं, तरी मामूंनी डोळे वटारले की हातातला पाना मुकाट खाली ठेवतो.

जगभरच्या स्टोअरांत सामान मापाप्रमाणे लावतात. मामूंनी ते मूळ गावाप्रमाणे लावलं आहे. डावीकडे जपान्यांची वाडी, समोर जर्मनांची आळी, तिला लागून कोरियन मोहल्ला. आणि दाराशी, वहाणा काढतात तिथल्या खोक्यात, ज्यांना आपला ठावठिकाणा धड सांगता येत नाही असे सगळे. जपानी बोल्टाला कोरियन नट अगदी लोण्यासारखा बसत असला तरी मामू बसवू देत नाहीत. "घराणी जुळत नायत. दोन म्हैने गोडीत ऱ्हातील, मग सुरू खडखड."

माझी ओळखही अशीच झाली. मी इथल्या एका खासगी हॉस्पिटलात एक्स-रे काढतो. जुन्या गाडीचा सायलेन्सर हातात घेऊन गॅरेजात गेलो आणि नाव सांगायला तोंड उघडलं, तर मामूंनी हात वर केला.

"नाव कोन पन ठेवतो. गाव कंचा?"

"गुहागर."

"वाडी?"

सांगितली.

"घर देवळाच्या अल्याड का पल्याड?"

अशी पाऊण तास उलटतपासणी झाली. सायलेन्सर माझ्या हातात, घाम सायलेन्सरवर. शेवटी असं निष्पन्न झालं की माझे पणजोबा आयुष्यात कधीही खाडी ओलांडून पलीकडे गेले असतील, तर ते मामूंच्या खारवली गावच्या होडीतूनच गेले असणार, कारण त्या तरीवर दुसरी होडीच नव्हती. "म्हंजे तू आपल्यातलाच," मामूंनी जाहीर केलं, आणि स्वतःच्या बिल्डिंगमध्ये मला खोली मिळवून दिली. तेव्हापासून मी त्यांचा 'फोटोग्राफर'. फोटो काढतो तो फोटोग्राफर. हाडांचा काढतो का नवरीचा, हा त्यांच्या मते किरकोळ तपशील.

माझी खोली अकरा नंबर, मामूंची बरोबर समोर, बारा. बिल्डिंग जुनी, कुठल्याशा कंपनीने कामगारांसाठी बांधलेली. प्रत्येक दाराला जड, वाकडं, पोलादी हँडल. फक्त माझ्या दाराला निळ्या नायलॉनच्या दोरीचा फास, जणू आत बकरी बांधली आहे.

"मामू, हे काय?"

"चोरीला गेला. तुझ्या जल्माआधी. परत त्याचा इषय काढू नको."

हे बोलताना मामूंचा चेहरा असा काही झाला, की पाच वर्षं मी दोरी ओढत राहिलो, पण विषय काढला नाही.

तर गेल्या थंडीत दम्माम बंदरातून एक कंटेनर आला आणि त्यातून एक जीपनी बाहेर पडली.

जीपनी म्हणजे फिलिपाइन्सची वडाप. आपली वडाप जीप घ्या, दोन्ही टोकांना धरून दुप्पट लांब होईस्तोवर ओढा, मागून चढायला दार ठेवा, आणि मग गावातल्या सगळ्या पेंटरांना एकाच वेळी एकेक डबा देऊन तिच्यावर सोडा. बॉनेटवर स्टीलचे चार घोडे, कडेला गोंडे, अंगभर आरसे, पोटावर संत, पऱ्या, गरुड आणि कुणाच्या तरी मुलांची नावं. ती गॅरेजात आली तेव्हा समोरच्या बेकरीतली मांजरं तीन दिवस बाहेर पडली नाहीत.

हिचा शोध लावला गॅरेजातल्या रोडेल नावाच्या फिलिपिनो पेंटरने. कतीफमध्ये राहिलेल्या फिलिपिनोंचा एक फेसबुक-गट आहे. त्यावर एका बाईने वडिलांच्या माघारी त्यांची जीपनी विकायला काढली होती; जुन्या जीपन्या आता तिकडे रस्त्यावरून काढून टाकताहेत. रोडेलने फोटो अबू हसनला दाखवला. काही माणसं आजार गोळा करतात तशा अबू हसन जुन्या गाड्या गोळा करतो. त्याने ती मागवलीच.

जीपनीच्या मागे मोठ्या अक्षरांत काही लिहिलं होतं. रोडेलने ते वाचलं, "कातास नांग सौदी." आणि डोळे पुसले.

"म्हंजे काय?" मामूंनी विचारलं. मामू आणि रोडेल ज्या भाषेत बोलतात ती अर्धी अरबी, पाव हिंदी आणि उरलेली शुद्ध खारवलीची. रोडेलला ती उत्तम येते.

"सौदीचा रस," रोडेल म्हणाला. "इथे येऊन माणूस पिळून घेतो, त्या रसाची तिकडे गाडी होते. आमच्याकडे खूप गाड्यांवर लिहितात."

"रस कळला. चोथा कुठाय?"

रोडेलने स्वतःच्या छातीवर बोट ठेवलं. मामू मोठ्याने हसले, आणि मग एकदम हसायचे थांबले.

अबू हसनला ही गाडी रियाधच्या जुन्या गाड्यांच्या मेळ्यात उभी करायची होती. तिथला नियम कडक. गाडीच्या प्रत्येक भागापुढे तो मुळात कुठून आला हे लिहायचं. एक जागा जरी कोरी राहिली, तरी गाडी 'जुनी' धरत नाहीत, शोभेच्या वाहनांत, आइस्क्रीमच्या गाड्यांशेजारी ढकलतात. फॉर्मवर दोनशे चौदा ओळी होत्या. मुदत दोन आठवड्यांनी येणाऱ्या गुरुवारची.

आणि अबू हसनचा मेहुणा फैसल टपून बसला होता. त्याला हायवेवर कॉफीची गाडी टाकायची होती. मेळ्यात जागा मिळाली नाही तर जीपनी त्याची, असं अबू हसनच्या बायकोने ठरवून टाकलं होतं, आणि त्या घरात तिच्यावर अपील चालत नाही. फैसल खडू घेऊन आला आणि जीपनीच्या पोटावर, बरोबर एका परीच्या गळ्यातून, खिडकीचा चौकोन आखून गेला. "इथून कापायचं," म्हणाला.

"गनी," अबू हसनने मामूंपुढे फॉर्म ठेवला, "दोनशे चौदा. गुरुवारपर्यंत खलास?"

मामूंचं त्याला लागून येणाऱ्या शनिवारचं तिकीट होतं. सुट्टीचं नव्हे. फायनल एक्झिट, म्हणजे इकामा, इथे राहायचा परवाना, परत करायचा आणि कायमचं घरी. त्यांनी खडूच्या चौकोनाकडे पाहिलं, फॉर्मकडे पाहिलं, आणि घोड्याच्या नाकावर टिचकी मारली.

"बोल बाबा. गाव कंचा?"

पुढचे बारा दिवस मामू त्या जीपनीत राहायलाच गेले म्हणा ना. समोरची जाळी अमेरिकन फौजेच्या जीपची निघाली. इंजिन जपानी टेम्पोचं. वायपर कोरियन बसचे, "आनि दोगे सख्खे भाव नायत, सावत्र हायत." गिअरचा गोळा बिलियर्डचा चेंडू. एक आरसा न्हाव्याचा, त्यात मामूंनी फुंकर मारली आणि रोडेलला म्हणाले, "ह्यात बघून पन्नास वर्सं लोकांनी मिश्या काढल्यात, बघ, बघून-बघून कसा धुरकटलाय." भोंगा वाजवला तेव्हा तर ते उडालेच. "अरे, हा रस्त्यावरला नाय! हा होडीचा!" आणि सीटच्या फाटक्या कोपऱ्यात बोट घालून भरण बाहेर काढलं, हुंगलं. नारळाचा काथ्या होता. तो त्यांनी दिवसभर शर्टाच्या खिशात ठेवला.

मंगळवारी दोनशे तेरा ओळी भरल्या. उरली एक.

जीपनीच्या मागच्या दाराशी, चढताना धरायला, एक हँडल होतं. उभं बसवलेलं, लाल रंगाच्या इतक्या थरांखाली गेलेलं, की त्याला हँडल म्हणायचं का गाजर असा प्रश्न पडावा. मामूंनी टिचकी मारली, आवाज बद्द. हुंगलं, रंग. चाटलं, रंग. रंग खरवडायची सोय नव्हती, कारण मूळ रंगाला धक्का लावायचा नाही असाही नियम होता. हे हँडल ट्रकचं नव्हतं, बसचं नव्हतं, होडीचंही नव्हतं. रोडेलने मनिलातल्या तीन मेकॅनिकांना फोटो धाडले. तिघांनी तीन देश सांगितले.

बुधवारी जेवणाच्या सुट्टीत मामू माझ्या हॉस्पिटलात आले. उजवा हात गळ्यात बांधलेला.

"काय झालं, मामू?"

त्यांनी इकडे-तिकडे पाहिलं आणि झोळीतून ते लाल हँडल काढलं. "फोटो काढ. रंगाच्या खाली काय शिक्का-बिक्का हाय का बघू."

"मामू, नोकरी जाईल माझी."

"गुरवारी गाडी कापतील, फोटोग्राफर." हे त्यांनी इतक्या हळू सांगितलं की मी दार लावून घेतलं.

मशीन नाव टाकल्याशिवाय चालत नाही. मी मामूंचं टाकलं. मशीन कुठला अवयव हे विचारतं. मी मनगट टाकलं. फोटोत हँडल नुसतं पांढरंशुभ्र आलं, शिक्का नाही, काही नाही. मामू हिरमुसून निघून गेले, आणि फोटो पुसायच्या आत तो वरच्या मजल्यावरच्या इजिप्शियन डॉक्टरसाहेबांच्या पडद्यावर पोचला. दहा मिनिटांत रिपोर्ट खाली आला: 'मनगटात हाड आढळत नाही. संपूर्ण धातू. रुग्णास ताबडतोब बोलवा.' त्या प्रकरणातून मी कसा सुटलो हे सांगायला वेगळं पुस्तक लागेल. एवढंच सांगतो की पुढचे दोन महिने डॉक्टरसाहेब मला भेटले की स्वतःचं मनगट चाचपायचे.

संध्याकाळी मी मामूंच्या सामानाला दोऱ्या बांधायला म्हणून घरी लवकर आलो. मामू जिना चढत होते. दोन्ही हातांत पिशव्या: ब्लँकेट, चॉकलेटं, पावडरचं दूध, भाच्याच्या मुलीला बाहुली. आखातातून गावी जाणारा माणूस हज करून आला तरी या चार वस्तूंशिवाय शुद्ध होत नाही. हात मोकळे नव्हते, म्हणून त्यांनी नेहमीसारखं बारा नंबरचं हँडल तळव्याच्या खालच्या बाजूने दाबलं.

आणि तसेच उभे राहिले.

"मामू?"

पिशवी हातातून सुटली. बाहुली जिन्यावरून तीन पायऱ्या खाली गेली. मामूंनी डोळे मिटले आणि हँडलवरून हात फिरवला. वळणावर अंगठा बसतो तिथला खळगा चाचपला, पुन्हा चाचपला. मग खिशातून ते लाल हँडल काढून दाराच्या हँडलला लावून धरलं. वळणाला वळण. खळग्याला खळगा.

"लाव रे दिवा," मामू म्हणाले. दिवा चालूच होता.

जो माणूस वॉशर चाटून जपानमधला डोंगर सांगतो, त्याने चाळीस वर्षं दिवसातून दहा वेळा धरलेलं हँडल ओळखलं नव्हतं! मला हसू फुटणार होतं. पण मामूंनी बाराच्या हँडलवर बोट ठेवलं. तिथे वॉचमनने कधी काळी खिळ्याने ठोकून खोलीचा नंबर काढलेला होता, अरबीत. मग नियम-बियम विसरून त्यांनी लाल हँडलवर त्याच जागी नखाने रंगाची खपली काढली. खाली दोन उभ्या रेघा निघाल्या. अरबीतला अकरा.

मी मागे वळून माझ्या दाराच्या निळ्या दोरीकडे पाहिलं. तुम्ही म्हणाल, हा फेकतोय. बाकी फेकलं असेल, हे नाही.

"एर्नेस्तो," मामू खाली बसत म्हणाले.

एर्नेस्तो अकरा नंबरात बारा वर्षं राहिला. त्याच गॅरेजात वेल्डर. तो गच्चीवर त्याच्या गावची मासळी सुकवायचा, शेजारी मामू खारवलीचे बोंबील. आणि सगळी बिल्डिंग नाक दाबून दोघांना एकत्र शिव्या द्यायची. मग मामू कामासाठी चार दिवस अल खफजीला गेले. परत आले तर एर्नेस्तोचा करार संपवून त्याला घरी धाडलेला. ना सलाम, ना चिठ्ठी. आणि दाराचं हँडल गायब.

"बिल्डिंगमदी पेचकस माज्याकडंच. वॉचमनने आळ माज्यावर घेतला. मी म्हटला, चोर तो. भेटला नाय ते नाय, वर चोर." मामूंनी अंगठा त्या दोन रेघांवर ठेवला. "इतकी वर्सं चोर म्हनत आलो मी त्याला."

रोडेलला बोलावलं. त्याने तिथेच, जिन्यावर बसून, जीपनी विकणाऱ्या त्या बाईला फोन लावला. ती बराच वेळ बोलत होती. रोडेल ऐकत होता आणि एकेक वाक्य आमच्या भाषेत सांगत होता.

"ती म्हणते, हो, पपांनी सौदीहून आणलं होतं. म्हणते, प्रत्येक पॅसेंजरला सांगायचे, हे धरून चढ, हे कुणाला पडू देत नाही." मग तो थांबला. "ती विचारते, तिथे समोर गनी नावाचे कोणी राहायचे का?"

मामू लाल हँडलवरच्या रेघा चाचपत राहिले. मीच मान हलवली.

"म्हणते, पपा निघाले तेव्हा गनी बाहेरगावी होता. तीन दिवस त्याच्या दारावर टकटक करत होते. आठवण म्हणून गनीच्या दाराचंच हँडल न्यायचं होतं. पण मग गनी परत आल्यावर आत कसा जाणार? म्हणून स्वतःचं काढलं."

मग मामू एकदम ओरडले, "गाढवा! खिडकीतून गेलो असतो!" हे ते कुणाला म्हणाले ते रोडेलने फोनवर सांगितलं नाही.

गुरुवारी मामूंनी लाल हँडल जीपनीला परत बसवलं आणि शेवटची ओळ स्वतःच्या हाताने भरली. 'हँडल. मूळ ठिकाण: कतीफ, रूम नंबर अकरा.' अबू हसनने वाचलं, काही न विचारता सही केली आणि ओल्या फडक्याने परीच्या गळ्यावरचा खडू पुसून टाकला. रियाधहून होकार आला तेव्हा त्याने गॅरेजातल्या सगळ्यांना कब्सा, म्हणजे तिकडचा मटणभात, खिलवला. फैसलनेही दोनदा घेतला.

शुक्रवारी दुपारी मी मामूंच्या बॅगांना दोऱ्या आवळत होतो. "चला मामू," मी म्हटलं, "आता खारवलीत आराम. केवढं घर बांधलंय, सागवानी दार..."

"दार हाय," मामू म्हणाले. "आत कोन नाय. तुझी मामी होती तवर कोनतरी उगडायचा." थोडा वेळ ते बाहुलीचे केस सारखे करत बसले. "मागल्या खेपेला आपल्या खारवलीच्या बंदरावर रिक्षा केली. चांगला होता रिक्षावाला. म्हनाला, चाचा, कोनाकडं आलाव? गाव कंचा तुमचा?"

"मग? काय सांगितलं?"

"काय सांगनार? आख्ख्या दुनियेला इचारत आलो. मना कोन इचारल ह्याची तयारीच केली नव्हती." आणि लगेच, "आवळ जरा, फोटोग्राफर! काय गाठ मारतोस? अशी गाठ तरीवर मारली असतीस तर होडी आफ्रिकेला गेली असती!" असं म्हणून त्यांनी माझ्या हातातली दोरी ओढून घेतली.

शनिवारी त्यांना विमानतळावर सोडून परत आलो. जिना चढलो. बारा नंबरच्या दाराला हँडल नव्हतं. त्याच्या जागी निळ्या नायलॉनच्या दोरीचा फास होता, खाडीच्या होडीवाल्याची पक्की गाठ मारलेला.

पंधरा दिवसांनी तिथे एक नवा गडी राहायला आला, लातूरकडचा, लॅबमध्ये काम करणारा. दोरी हातात धरून म्हणाला, "चोरीला गेलं का हो हँडल?"

"चोरीला नाही," मी म्हटलं. "गावाला गेलंय."

त्याच संध्याकाळी मामूंचा फोटो आला. सोबत एक अक्षर नाही. खारवलीचं घर, नक्षीचं सागवानी दार, आणि त्यावरची पितळी कडी काढून बसवलेलं आमच्या बिल्डिंगचं वाकडं पोलादी हँडल. हँडलवर मामूंचा हात होता. नुसता ठेवलेला नव्हे. चालत्या जीपनीत चढताना धरतात तसा, घट्ट.